एका नव्या पैशाच्या मागे भोपाळपर्यंत

सुलभाताईंची कॉमेंट आली तेव्हा मी स्टुडिओत एका तान्ह्या बाळाचा पासपोर्ट फोटो काढत होतो. बाळ काही केल्या कॅमेऱ्याकडे बघेना, आणि त्या कॉमेंटनंतर मीही बघेना. "तुम्ही लिहिलंय तसली नाणी आमच्याकडे डबाभर आहेत. नानांनी जपून ठेवलीत. भोपाळला या, ते दाखवतील." बस, एवढंच. खाली नाव आणि 'बाग सेवनिया, भोपाळ'.

या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना माझं वेड ठाऊक आहे. नागपुरात फोटो स्टुडिओ चालवतो आणि उरलेल्या वेळात टाकसाळीच्या चुका गोळा करतो. लोकांना चांगली नाणी आवडतात, मला बिघडलेली. गेली दोन वर्षं मी एका नाण्याच्या मागे होतो. १९५७ चा नवा पैसा, म्हणजे दशमान पद्धत आली तेव्हाचा तो छोटासा तांबूस पैसा. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, दुसऱ्या बाजूला मोठा एकाचा आकडा. ब्लॉगच्या तीन वाचकांनी मला त्याचे फोटो पाठवले होते आणि तिन्हींत आकड्याच्या बाजूवर उलट्या सिंहांची पुसट छाया होती.

नाणं छापताना वर एक आणि खाली एक असे दोन ठसे असतात, मध्ये कोरी चकती. कधी चकती पडायची राहून जाते आणि दोन्ही ठसे एकमेकांवर आपटतात. एकाची खूण दुसऱ्यावर उमटते. मग त्या जखमी ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर पलीकडच्या चित्राची उलटी, पुसट, किंचित वर आलेली रेघ दिसते. 'किंचित वर आलेली' हे लक्षात ठेवा. तिन्ही फोटोंत सिंह अगदी एकाच जागी, एकाच कोनात होते. म्हणजे ठसा एकच. आणि फोटो पाठवणाऱ्या तिघांच्याही घरातलं कुणी ना कुणी पन्नाशीच्या दशकात भोपाळला नोकरीला होतं. मी ब्लॉगवर जोरात 'भोपाळ व्हरायटी' असं बारसं करून टाकलं.

आमच्या संग्राहक मंडळाची पुस्तिका निघायची होती, तिच्यात या व्हरायटीवर माझं प्रकरण होतं. शीर्षकाखाली शोधकर्ता म्हणून माझं नाव. बारा-तेरा वर्षं दुसऱ्यांनी शोधलेल्या चुका विकत घेणाऱ्या माणसाला याचं काय वाटतं ते सांगून कळायचं नाही. पण संपादक अडून बसले. "नाणं स्वतः हातात घेऊन बघा. फोटोवर मी छापणार नाही. आठ दिवस देतो." फोटोवर विश्वास नाही म्हणे, तेही एका फोटोग्राफरच्या.

म्हणून आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी आणि मंदा. मंदा माझी बायको. तिला नाण्यांत काडीचा रस नाही, पण भोपाळचा तलाव बघायचा होता.

शनिवारी पहाटे सहाला नागपूर सोडलं. सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल असा रस्ता. बैतूलपर्यंत गाडी अशी पळते की चहा प्यायलाही थांबावंसं वाटत नाही. पांढुर्ण्याला मध्य प्रदेश लागलेला असतो, पण टपरीवाला मराठीतच विचारतो, "कट की फुल?" बैतूलला पोहे-जिलबी खाल्ली. पोह्यांवर शेव आणि बडीशेप, शेजारी गरम जिलबी, दोघांचे मिळून ऐंशी रुपये. नागपूरकरांनी झणझणीत रश्श्याची तर्री मागू नये, मिळत नाही आणि वर दुकानदार दयेनं बघतो. बैतूलच्या पुढे घाटात आणि जंगलाच्या पट्ट्यात रस्त्याचं काम जागोजागी चालू होतं. तिथे दीड तास जास्तीचा धरा आणि डिझेल आधीच भरून घ्या.

होशंगाबादला (नाव बदललंय, पण पत्ता विचारताना जुनंच चालतं) नर्मदेच्या पुलावर मंदानं गाडी हळू करायला लावली. नदीत टाकायला नाणं हवं होतं. मी पाकिटातून दोन रुपये काढले आणि सवयीनं आधी उलटसुलट करून बघितले.

"अहो, नर्मदामाईला चुकीचं नाणं चालतं," मंदा म्हणाली. "तुमच्यासारखं तिचं काही म्हणणं नसतं."

पलीकडे बुधनीला रस्त्याच्या कडेनं लाकडी खेळण्यांची दुकानं लागतात. नातीसाठी लाखेच्या रंगातला पांगुळगाडा घेतला, साडेतीनशेला. मंडीदीपला नेमकी पाळी सुटायच्या वेळेला पोचलो. कारखान्यांच्या बसा, सायकली, मोटारसायकली, सगळे एकदम घरी निघालेले. तो पट्टा दुपारी दोन-तीनच्या सुमाराला टाळता आला तर टाळा. भोपाळात शिरताना होशंगाबाद रोडवरच एक साधं, स्वच्छ लॉज मिळालं, चौदाशे रुपये, गाडी लावायला जागा. सुलभाताईंना फोन केला. "उद्या चार वाजता या," त्या म्हणाल्या. "नानांचं टायमिंग पक्कं असतं. चार बजे म्हणजे चार."

संध्याकाळी तलावावर गेलो. पाण्यावर ऊन उतरत होतं आणि लोक नुसते बसून होते. मंदाही बसली, मीही बसलो, आणि बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं तासभर एका दिशेला बघत होतो. तिला आणल्याबद्दल मी स्वतःचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी होती, म्हणून जुन्या शहरात चौकात गेलो. मीठ घातलेला सुलेमानी चहा पिऊन बघा. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, तिसऱ्याला दुसरा कप मागावासा वाटतो. तिथल्याच एका गल्लीत जुन्या वस्तूंचं दुकान दिसलं. मालकानं काचेखालून एक नाणं काढून समोर ठेवलं.

"ये देखिए साहब, एरर पीस. टकसाल की गलती है, आजकल मिलता कहाँ है."

त्याच्या एका बाजूवर दुसऱ्या नाण्याचं उलटं चित्र होतं. मी अंगठ्याचं नख त्यावरून फिरवलं. नख खाली गेलं. "भाईसाहब, ये टकसाल का नहीं है," मी म्हटलं. "दो सिक्के साथ में रखकर शिकंजे में दबाए हैं. निशान अंदर धँसा हुआ है. असली होता तो लकीर ऊपर उठी रहती."

मालक मोठ्यानं हसला. "आप तो जानकार निकले. बैठिए, चाय पीजिए."

बाहेर पडल्यावर मंदाला मी सगळा धडा शिकवला. वर आलेलं ते टाकसाळीचं, आत गेलेलं ते शिकंज्यातलं. शेंबडं पोरही नखानं ओळखेल. माझी मान अशी ताठ होती की गल्लीतून येणाऱ्या दोन सायकली मला दिसल्याच नाहीत.

बरोबर चारला बाग सेवनियात पोचलो. दुमजली घर, दाराशी कढीपत्त्याचं झाड. सुलभाताई शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलणं भराभर, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. "या ना, या. आधी खाऊन घ्या, साबुदाणा वडा ठंडा होऊन जाईल. मग नाण्यांचं बघू."

नाना, म्हणजे त्यांचे वडील, खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. नव्वदी ओलांडलेली, पांढरा बुशशर्ट गळ्यापर्यंत बटण लावलेला, खिशाला पेनाऐवजी छोटा स्क्रू-ड्रायव्हर. हात थरथरत होते. टेबलाच्या कडेला एक लोखंडी शिकंजा बोल्टनं घट्ट बसवलेला. तो मला दिसला, पण डोक्यात शिरला नाही. माणसाला हवं तेच दिसतं.

"नागपूरचे तुम्ही," नाना म्हणाले. "मी तुमच्या नागपूरचे टाइपरायटर इथे घेऊन आलो."

सत्तावन्न सुरू व्हायच्या आधीचा तो हिवाळा. राज्यांची नवी वाटणी झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली. कचेऱ्यांबरोबर कारकून आले, फायली आल्या आणि ट्रकभर टाइपरायटर आले. नाना मूळचे अमरावतीचे, सरकारी टाइपरायटर दुरुस्त करणारे मेकॅनिक. ते त्या ट्रकमध्ये मशिनींबरोबर बसून आले होते. "रस्ता असा होता की पोचेपर्यंत एकाही मशिनीची ओळ सरळ राहिली नव्हती. पहिले दोन महिने मी फक्त अक्षरं जागेवर आणत होतो." पुढे शिवाजी नगरात क्वार्टर मिळालं, तिथेच सुलभाताई वाढल्या.

मी सभ्यपणे ऐकत होतो, पण लक्ष डब्याकडे. सुलभाताईंनी तो आणून ठेवला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आत कागदाच्या पुड्या, वीस-पंचवीस तरी. मी हातमोजे चढवले. तुलनेसाठी आणलेला माझा स्वतःचा नवा पैसाही कापसावर काढून ठेवला. त्याच साली टाकसाळीतून निघाला आणि कुणाच्या खिशात गेलाच नाही असा, अजून लालसर झळाळी असलेला. माझ्या संग्रहातला सगळ्यात देखणा तुकडा. त्याला मी कधी उघडं बोट लावलेलं नव्हतं.

पहिली पुडी उघडली. नाण्याच्या सिंहांच्या बाजूवर उलटा एक. आतापर्यंतच्या तिन्ही नाण्यांवर खूण आकड्याच्या बाजूला होती. सिंहांच्या बाजूला ती कुणी पाहिलीच नव्हती. म्हणजे ठशांची जोडीच सापडली. मी नाणं खिडकीच्या उजेडात धरलं आणि पातळ हातमोज्यातूनच नख फिरवलं.

नख खाली गेलं.

दुसरी पुडी उघडली. तिसरी. नख खालीच जात होतं. मंदा माझ्याकडे बघत होती. सकाळचा धडा तिला पाठ होता.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

"ही दाबलेली आहेत," मी म्हटलं.

"हो तर. मीच दाबलीत. इथेच." त्यांनी शिकंज्यावर हात ठेवला. "तुम्हाला काय वाटलं होतं?"

काय वाटलं होतं ते मी सांगितलं. ते ऐकताना सुलभाताई "अरे बाप रे" म्हणून पदर तोंडाला लावून बसल्या. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही लिहिलं होतं ना, भोपाळचं नाणं म्हणून."

मी मोबाइलवर ते तीन फोटो उघडले. फोन उलटा धरला. वर आलेले सिंह झटकन आत गेले. तिन्ही घरांत नाणं खिडकीशी किंवा दिव्याशी खालच्या बाजूनं उजेड येईल असं ठेवून फोटो काढला होता. उजेड नेहमी वरून येतो असं आपला डोळा धरून चालतो, म्हणून खड्डाही त्याला उंचवटा दिसतो.

"पस्तीस वर्षं लोकांच्या तोंडावर उजेड कुठून पाडायचा ते ठरवताय," मंदा म्हणाली. "आणि एका पैशानं बनवलं." पण म्हणताना तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताची मला गरज होती, कारण पुस्तिकेतलं प्रकरण त्या क्षणी संपलं होतं.

मग नानांनी जे सांगितलं ते असं. नागपूरहून आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं इथे मन लागेना. कुणाचे आईवडील तिकडे, कुणाचं शेत. हळूहळू कुणाला विदर्भात, कुणाला मुंबईला जायची परवानगी मिळू लागली. दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणाचा तरी निरोप असायचा. हारतुरे परवडायचे नाहीत. नवे पैसे नुकतेच निघाले होते, चकचकीत. एका निरोपाला नानांनी दोन पैसे घेतले, एकाचे सिंह दुसऱ्याच्या आकड्यावर ठेवले आणि शिकंज्यात आवळले. एकाची खूण दुसऱ्यावर राहिली. एक पैसा जाणाऱ्याला दिला, एक स्वतःकडे ठेवला. मग तो रिवाजच पडला.

"जाणाऱ्याबरोबर सिंह. प्रवासाला सोबत असावी. राहणाऱ्याकडे एकाचा आकडा. एक गेला, एवढंच."

म्हणून बाहेर फिरणाऱ्या नाण्यांवर फक्त सिंह होते. आकडे सगळे या डब्यात. बाहेरच्या बाजू चेपल्या नव्हत्या, कारण नाना टाइपरायटरच्या जुन्या रुळाच्या रबराचे तुकडे दोन्हीकडून लावायचे. आणि कोन प्रत्येक वेळी तोच, कारण हा माणूस जन्मभर अक्षरं ओळीत बसवत आला होता. माझा एकेक पुरावा त्यांच्या हाताची सफाई होती.

प्रत्येक पुडीच्या कागदावर टाइप केलेलं एक नाव आणि गाव होतं. मी अमरावतीहून आलेला फोटो नानांना दाखवला. त्यांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं.

"याच्या आकड्याच्या टोकाला जरा ओरखडा आहे. त्या दिवशी माझा हात घसरला होता. हा वसंताचा." डब्यातून त्यांनी न चाचपडता पुडी काढली. 'वसंत, अमरावती.' "कुठे आहे तो?"

"ते गेले, नाना. दहा वर्षं झाली. फोटो त्यांच्या मुलीनं पाठवला. पैसा त्यांच्या देवघरात असायचा, असं तिनं लिहिलंय."

नानांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. "मला आपलं वाटायचं, वाटेत कुणी पानाच्या ठेल्यावर देऊन टाकला असेल. शेवटी पैसाच तो." मग सुलभाताईंकडे वळून म्हणाले, "देवघरात ठेवला होता म्हणे."

मी बाकीचे दोन फोटोही दाखवले. दोन्ही त्यांनी ओळखले. एक शरयू टायपिस्टचा निघाला, एक गणपत शिपायाचा. त्या दोघांच्या घरच्यांनीही पैसा जपला होता, नाहीतर फोटो कुठून आले असते. माझ्या चुकीच्या लेखामुळे का होईना, साठ-पासष्ट वर्षांनी तीन पैसे या माणसापर्यंत परत पोचले. माझं नाव छापून आलं असतं तर इतकं बरं वाटलं असतं का, मला शंका आहे.

निघायला उठलो तेव्हा नानांनी थांबवलं. डब्याच्या तळातून त्यांनी एक शेवटची पुडी काढली. तिच्यावर नाव नव्हतं. आत नवा पैसा, काळवंडलेला, पण कुठेही न दाबलेला.

"हा माझ्यासाठी ठेवला होता. भोपाळ सोडायची वेळ आली तर असावा. आलीच नाही. आणि माझ्याबरोबर दाबायला आता कुणी उरलंही नाही." त्यांची नजर टेबलावरच्या माझ्या लालसर पैशावर गेली. "तुमचा छान आहे. एकदम कोरा." मागितला मात्र मुळीच नाही.

संग्राहकांनो, मला माफ करा. मी तो कापसातून उचलला. हातमोजे काढले आणि पहिल्यांदा उघड्या बोटांनी धरून नानांच्या पैशावर ठेवला. त्यांनी थरथरत्या हातांनी माझे सिंह त्यांच्या आकड्यावर जुळवले, आणि जुळवताना ते हात थरथरायचे थांबले. दोन्हीकडून रबर लावलं. दांडा फिरवायची ताकद त्यांच्यात नव्हती. "तुम्ही आवळा. अजून. अजून थोडं. आता पाइप घाला दांड्यात." माझा सगळ्यात देखणा तुकडा मी माझ्याच हातांनी चेपला.

शिकंजा सुटला. सिंह आता त्यांच्या पैशावर होते, आकडा माझ्यावर. प्रवासाला आम्ही निघालो होतो, म्हणून मी रिवाजाप्रमाणे सिंहवाल्या पैशाकडे हात नेला. नानांनी तो अलगद आपल्या मुठीत घेतला आणि आकड्याचा माझ्या तळहातावर ठेवला.

"या वेळी जाणारा मी आहे," ते म्हणाले.

सुलभाताई पटकन आत गेल्या, चहा ठेवायला. मी नानांच्या पाया पडलो, मंदाही पडली. चहा झाला, कढीपत्त्याची एक मोठी जुडी पिशवीत आली, आणि सहा वाजता आम्ही निघालो.

सोमवारी परतीला लागलो. होशंगाबादच्या पुलावर मंदानं पुन्हा गाडी हळू करायला लावली. या वेळी मी पाकिटातून हाताला लागलं ते नाणं न बघता तिला दिलं.

घरी येऊन संपादकांना फोन केला. व्हरायटी वगैरे काही नाही, ते प्रकरण काढा, असं सांगितलं. ते म्हणाले, "वाईट वाटलं. तुम्ही बरीच मेहनत घेतली होती." मला वाईट वाटलं नव्हतं. तिन्ही वाचकांना मी सविस्तर पत्रं लिहिली, त्यांच्या पैशाचा जोडीदार कुठे आहे ते कळवलं. वसंतरावांच्या मुलीनं त्याच दिवशी नानांना फोन केला, असं सुलभाताई सांगत होत्या. तास-दीड तास बोलत होते म्हणे.

तुमच्या घरी जुन्या डब्यात १९५७ चा पैसा असेल आणि त्यावर उलटे सिंह दिसत असतील, तर नख फिरवून बघा. नख खाली गेलं तर तो विकायला काढू नका, बाजारात त्याला कुणी विचारणार नाही. मला कळवा. डब्यात अजून वीसेक पुड्या आहेत आणि नाना वाट बघताहेत.

माझा पैसा संग्रहाच्या ट्रेमध्ये ठेवला नाही. स्टुडिओत गल्ल्याशेजारी उघडाच असतो. झळाळी आता उतरत चालली आहे, कारण येता-जाता मी त्यावरून अंगठा फिरवतो. परवा मंदानं त्याची पुडी करायला कागद आणून दिला. त्यावर मी नानांचं नाव लिहिलं. पुढे गाव लिहायचं असतं, ती जागा मोकळी सोडली आहे.